तोंडी फेरीत मराठीला जागा हवी

महोदय,

विद्यार्थी संशोधन स्पर्धांची तयारी महाविद्यालयांत सुरू झाली की मला एक जुनी सकाळ आठवते. मी गेवराई-माजलगाव भागात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. ‘आविष्कार’सारख्या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत मानव्यविद्येपासून कृषी-पशुसंवर्धनापर्यंत सहा गट असतात. पोस्टर लावायचे आणि मग परीक्षकांसमोर उभे राहून बोलायचे. आमची मुले पोस्टरला कमी पडत नाहीत. अडतात ती बोलताना.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने गुलाबी बोंडअळीवर काम केले होते. वडिलांच्या कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावले. रोज सकाळी पतंग मोजायचे, वहीत लिहायचे आणि मग एसटी पकडून कॉलेजला यायचे. डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमललेली फुले, वेगळ्या मोजायच्या. सलग तीन रात्री सापळ्यात रोज सरासरी आठ पतंग आले की फवारणीचा विचार करावा, हा निकष तिने स्वतःच्या आकड्यांवर ताडून पाहिला. बांधाला जुन्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, गंजी होती, त्या बाजूच्या सापळ्यात पतंग लवकर दिसू लागले, ही तिची सर्वांत मोलाची नोंद.

बाहेरच्या एका स्पर्धेत तिला आठ मिनिटे मिळाली. मी तिच्याकडून इंग्रजी भाषण पाठ करून घेतले होते. तिसऱ्या स्लाइडवर एक वाक्य निसटले आणि पुढचे सगळेच गेले. सापळ्यातले ल्यूर, म्हणजे वासाचे आमिष, मध्येच का बदलले, असे परीक्षकांनी इंग्रजीत विचारले. ती गप्प उभी राहिली. बाहेर व्हरांड्यात येताच म्हणाली, “सर, वास उतरतो ना त्याचा. जुनं ल्यूर ठेवलं असतं तर पतंग कमी दिसले असते, अन् मला वाटलं असतं अळीच कमी झाली.” याहून चांगले उत्तर मलाही देता आले नसते. ते आत पोहोचले नाही, याला पाठांतर करून घेणारा मीही जबाबदार आहे.

शोधनिबंध इंग्रजीत लिहावा लागतो, ते शिकलेच पाहिजे. स्लाइडवरच्या संज्ञा, शास्त्रीय नावे इंग्रजीत असू द्यावीत. पण तोंडी फेरीत पाहायचे असते ते वेगळेच: काम स्वतः केले आहे का, ही पद्धत का निवडली, आकडे कुठे फसवू शकतात. ही उत्तरे ज्या भाषेत विचार होतो त्याच भाषेत धड येतात. मराठीत विज्ञान नीट सांगता येत नाही, असे काही सहकारी म्हणतात. मराठवाड्यात तरी हे पटू नये. आपला भाग हैदराबाद संस्थानात असताना, 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले होते. 1958 साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली.

म्हणून आयोजकांना विनंती आहे. सादरीकरण मराठीत करता येईल, हे स्पर्धेच्या सूचनापत्रात ठळक छापावे आणि फेरी सुरू होण्याआधी प्रत्येकाला तोंडी विचारावे. नुसती मुभा ठेवून चालत नाही, मुले बिचकतात. मराठी निवडली तर गुण कमी पडतील अशी भीती त्यांना असते. प्रत्येक गटात निदान एक परीक्षक मराठी जाणणारा असावा. आठ मिनिटांचे भाषण पाचवर आणून उरलेला वेळ प्रश्नांना द्यावा.

प्राध्यापकांनाही एक सांगणे आहे. त्या वर्षानंतर मी विद्यार्थ्यांना आधी गावातल्या पारावर बोलायला लावू लागलो. पहिल्याच वेळी एका शेतकऱ्याने विचारले, “पऱ्हाटी शेजाऱ्याच्या बांधाला असंल तर मी काय करू?” पुढच्या स्पर्धेत त्या विद्यार्थ्याने त्या प्रश्नासाठी एक वेगळी स्लाइड केली.

– एक निवृत्त प्राध्यापक, जि. बीड