मंत्री महोदय, मुंबईच्या रनवेला जरा मोकळा श्वास घेऊ द्या

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कुर्ला-अंधेरी रोडवर जरीमरीला राहतो, जन्म पण इथलाच. माझे बाबा सहारच्या विमानतळावर लोडर होते, २६ वर्षं त्यांनी विमानांच्या पोटात बॅगा चढवल्या आणि उतरवल्या, त्यामुळे विमानतळ आमच्या घरात मीठभाकरीसारखा आहे, त्याच्यावर राग धरून हे पत्र लिहीत नाहीये. पण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, की आता तरी मुंबईच्या रनवेवरची विमानं कमी व्हावीत, ती तुमच्या कानावर घालायचीच होती.

आमच्या गॅलरीत उभं राहिलं की घाटकोपरकडून येणारं विमान आधी नुसता दिवा दिसतो, मग चाकं दिसतात, मग कंपनीचं नाव वाचता येतं आणि मग आवाज. जवळपास पावणेतीन मिनिटांनी पुढचं. आमच्याकडे बोलता बोलता थांबायची सवय सगळ्यांनाच आहे, आई फोनवर मामीशी बोलताना मध्येच गप्प होते, विमान गेलं की जिथे सोडलं तिथूनच वाक्य पुढे, आणि मामीला पण आता सवय झालीये ती "हॅलो हॅलो" करत नाही.

तुम्हाला आकडे माहीतच आहेत, तरी लिहितो कारण मुद्दा त्यातच आहे. मुंबईला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना कापून जातात, म्हणजे एका वेळी एकच वापरता येतो. त्या एका रनवेवर गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं चढ-उतार करायची. ११ नोव्हेंबर २०२३ ला २४ तासांत १,०३२ झाली, पेपरात विक्रम म्हणून बातमी आली. २०२४-२५ मध्ये साडेपाच कोटी प्रवासी, म्हणजे रोजची दीड लाख माणसं. हे सगळं सांभाळणाऱ्या, विमानांना वाट दाखवणाऱ्या एटीसीच्या लोकांना, पायलटना, ग्राउंड स्टाफला माझा मनापासून सलाम आहे, बाबांमुळे मला त्यातली मेहनत माहितीये. पण कौतुक वेगळं आणि त्यांच्यावर रोज तेवढाच भार टाकत राहणं वेगळं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमच्याच मंत्रालयाने सांगितलं होतं की गर्दीमुळे विमानांना मुंबईवर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि तेवढ्यात एका विमानाचं १.७ ते २.५ किलोलीटर इंधन जळतं, खर्च १.८ ते २.६ लाख रुपये. म्हणून मग तासाला ४६ चे ४४ केले, कमी गर्दीच्या वेळी ४४ चे ४२, आणि प्रायव्हेट जेटना पीक अवरला बंदी घातली. चांगला निर्णय होता, अगदी मनापासून सांगतो. पण ४४ म्हणजे तरी काय, दर ८२ सेकंदांनी एक विमान, उतरणारं नाहीतर उडणारं. त्यात एक जरी लटकलं तरी मागची सगळी रांग लटकते.

आणि लटकतंच ना. १ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात एक विमान मेन रनवेच्या पुढे चिखलात गेलं, ते काढायला तीन-चार दिवस लागले, तोवर सगळा भार छोट्या रनवेवर आणि शेकडो फ्लाइट रद्द. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी, जी याच रनवेच्या खालून वाहते, ती वर आली आणि विमानतळ एक दिवसाहून जास्त बंद होता. बाबा त्या रात्री सहारलाच अडकले होते, तिसऱ्या दिवशी चालत घरी आले, पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेली, ती आईने दोनदा धुतली तरी निघाली नाही.

पावसाचं आणि या शहराच्या विमानांचं भांडण तसं जुनं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, पण जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखल व्हायची म्हणून ती टपालसेवा पावसाळ्यात पुण्याहून चालवायचे. नंतर जुहू मागे पडलं, सांताक्रूझ आलं, मग सहार, मग २०१४ ला नवीन टर्मिनल टी-२. जागा भरली की दुसरी शोधायची असंच चालत आलंय. फरक एवढाच की आता सांताक्रूझला वाढायला इंचभर जागा नाही, एका बाजूला पार्ला, दुसऱ्या बाजूला आम्ही.

म्हणून माझी विनंती आहे, आणि एकच मोठी विनंती आहे. नवी मुंबईला जी विमानं हलतील त्यांचे मुंबईतले स्लॉट, म्हणजे उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा, रिकामे ठेवा. परत भरू नका. एअरलाइन्स मागणार, विमानतळ चालवणारे मागणार, कारण एकेका स्लॉटला किंमत आहे हे मला कळतं. पण ४४ चे ४० करा आणि ते ४० लेखी पक्के करा, म्हणजे पावसात एखादं विमान परत फिरलं तर त्याला जागा मिळेल, उतरणाऱ्याला घाई नसेल. नवी मुंबईचा पहिलाच टप्पा वर्षाला २ कोटी प्रवाशांसाठी बांधलाय, तिथे गर्दी जाऊ दे ना. त्या जागेसाठी उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, गावंच्या गावं उठली. ज्यांचं नाव त्या विमानतळाला द्या म्हणून तिथली माणसं रस्त्यावर उतरली त्या शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी गेले. एवढं देऊन झाल्यावर सुद्धा मुंबईची गर्दी तेवढीच राहणार असेल तर त्या लोकांना आपण काय सांगणार?

अजून एक, लहान आहे पण राहवत नाही. गेल्या वर्षी माझी वहिनी नागपूरहून टी-१ ला उतरली, पुढे मस्कतचं विमान टी-२ वरून, मुलगी कडेवर. वर आकाशातच ३५ मिनिटं फिरवलं, मग बॅगा घेऊन बाहेर, मग रिक्षा, आणि काउंटर बंद. विमान कंपनी म्हणाली तिकिटं वेगवेगळी आहेत आमची जबाबदारी नाही. रात्रभर ती खुर्चीवर बसून होती. हे एकाच विमानतळाच्या दोन टर्मिनलमध्ये झालं, आता तर एक टोक सहार आणि दुसरं उलवे. तेव्हा दोन्ही विमानतळांमध्ये दिवसरात्र चालणारी बस आणि बॅग परस्पर पुढे जायची सोय मेट्रोची वाट न बघता आत्ताच करा.

दरवर्षी मे महिन्यात पावसाळ्याआधी दोन्ही रनवे एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दुरुस्तीसाठी बंद असतात. यंदाची तारीख ठरली की साहेब त्या दिवशी दुपारी आमच्याकडे या. त्या सहा तासांत शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, खालच्या पिंपळावरचे पोपट ऐकू येतात, आणि आई मामीला फोन लावते आणि एकदाही न थांबता बोलते. जेवायला थांबा, आणि मग ५ वाजता पहिलं विमान येईल तेव्हा गॅलरीत माझ्याबरोबर उभे राहा.

आपला नम्र,
जरीमरी, कुर्ला येथील एक रहिवासी