घड्याळाच्या रस्त्याबद्दल

चि. सलील यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास की फ्रान्समधल्या तुझ्या रुआं शहरातला रू द्यु ग्रो-ऑर्लोज (‘मोठ्या घड्याळाचा रस्ता’) म्हणजे कपड्यांची नि चपलांची दुकानं आणि शनिवारी पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. असेलही. पण ज्या रस्त्याने तू रोज जातोस त्याची हकीकत तुला ठाऊक असावी असं मला फार वाटतं.

रस्त्यावर मोठं घड्याळ बसवलेली कमान आहे, तिला लागून घंटेचा मनोरा आहे ना, तिथून सुरू करतो. मध्ययुगात चर्चच्या घंटा बिशपच्या, किल्ला राजाचा. हा मनोरा मात्र गावकऱ्यांचा. संकट आलं, सभा भरवायची झाली की इथली घंटा वाजायची. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स 1380 मध्ये मरताना काही कर माफ करून गेला. मुलगा अल्पवयीन, कारभार काका-मामांच्या हाती. त्यांनी पुन्हा कर लादले. फेब्रुवारी 1382 मध्ये रुआंचे कापड कारागीर बिथरले आणि ‘रुव्हेल’ घंटेने सगळं गाव जागं केलं. इतिहासात या बंडाला ‘आरेल’ म्हणतात. तो अल्पवयीन राजा फौज घेऊन आला. म्होरक्यांना मारलं, शहराचा स्वतःचा कारभार मोडला, घंटा जप्त केल्या आणि मनोरा पाडायला लावला. वसुलीसाठी मनोरा पाडायची काही गरज नव्हती. माणसांनी एका हाकेसरशी जमावं, हेच दरबाराला नको होतं. ही गोष्ट मला या साऱ्या हकिगतीत सगळ्यात मोठी वाटते.

आणि गावाने काय केलं बघ. 1389 मध्ये नव्या मनोऱ्याचं काम सुरू झालं, आणि त्याच साली तिथल्या घड्याळाचं यंत्रही तयार झालं. तू बघतोस ती कमान नंतरची, 1527 ते 1529 च्या सुमाराची. तबकडीवर काटा एकच, तासाचा, आणि त्याच्या टोकाला मेंढरू. कमानीच्या आत मान वर करून बघ, मेंढपाळ आणि त्याचा कळप कोरलेला दिसेल. ख्रिस्ती माणसाला त्यात येशू दिसतो. पण लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेल्या गावाच्या बोधचिन्हातही मेंढरूच आहे. गावाने आपलं पोट कशावर चालतं ते विसरू दिलेलं नाही, हे मला फार आवडतं.

रस्त्याचं एक टोक कॅथेड्रलला, दुसरं जुन्या बाजाराच्या चौकात. याच चौकात 30 मे 1431 रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कला जिवंत जाळलं. ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती, तुझ्याहूनही लहान. तिथल्या आताच्या चर्चमध्ये (ते 1979 चं आहे) जरूर जा. त्यातल्या रंगीत काचा सोळाव्या शतकातल्या, दुसऱ्याच एका चर्चमधल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत ते चर्च गेलं, काचा वाचल्या.

तुझ्या रस्त्यावर गाड्या बंद झाल्या त्या 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. फ्रान्समध्ये असं करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांत रुआं होतं. तोवर त्याच कमानीखालून मोटारी जात. मला विचारशील तर रस्ता तेव्हा नवा झाला नाही, ज्यांचा होता त्यांना परत मिळाला. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर अलीकडे डिसेंबरात एक दिवस गाड्या बंद ठेवतात. गेल्या वेळी तुझी आजी रस्त्याच्या मधोमध, कुणाचा हात न धरता चालली. किती खुलली होती ती! असा रस्ता तुला रोज मिळतो आहे, तर तो नीट बघून घे.

मनोऱ्यात वर जाता येतं. तिथलं जुनं यंत्र 1928 पर्यंत चालू होतं, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं. ते आणि घंटा जवळून बघ, वरून कॅथेड्रलही छान दिसेल. घाईने उतरू नकोस. यंत्राच्या चाकांचे फोटो काढून पाठव, मला दाते कसे घडवलेत ते बघायचं आहे.

आईची तब्येत ठीक आहे. पावसात डोकं झाकून बाहेर पडत जा.

तुझा,
बाबा