दशावताराचे फोटो काढायला येणाऱ्या हौशी मंडळींसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या आणि उत्तर गोव्यातल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतार हे रात्रभर चालणारं लोकनाट्य करणाऱ्या मंडळांचं फिरणंही. अलीकडे त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन येणारे हौशी छायाचित्रकारही बरेच दिसतात. त्यांचं स्वागतच आहे, पण बहुतेकांचं काम एका रात्रीत उरकतं. सुरुवातीला येणाऱ्या संकासुराचे काही फोटो, लढाईचे ढीगभर, रंगवलेल्या चेहऱ्याचा एखादा, आणि मध्यरात्रीच गाडी परतीला लागते. खरं आख्यान, म्हणजे पौराणिक कथेचा मुख्य प्रयोग, तेव्हा कुठे रंगात येत असतं. अशा फोटोंतून दशावतार दिसत नाही.

आमचं सांगणं एवढंच, की एकच मंडळ धरा आणि हंगामात त्याच्या चार-पाच जत्रा करा. व्यक्तिचित्रं, प्रयोग आणि प्रवास असे तीन वेगळे प्रकल्प हाती घ्यायची गरजच नाही. फिरत्या मंडळात तिन्ही एकत्र सापडतात.

सुरुवात रंगपटापासून करावी. देवळाच्या पडवीत किंवा शेजारच्या खोलीत प्रत्येक कलावंत आपली ट्रंक आणि आरसा घेऊन बसतो, स्वतःचा रंग स्वतः लावतो. इथे पहिली अडचण उजेडाची. वर ट्यूब, आरशाजवळ पिवळा बल्ब, म्हणजे अर्धा गाल हिरवट आणि अर्धा नारिंगी. हे नंतर संगणकावर नीट होत नाही, कारण व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणं) एका वेळी एकाच उजेडाला जुळतो. आरशाजवळचा दिवा जवळ असल्याने चेहऱ्यावर त्याचाच जोर राहील अशी जागा धरा. फ्लॅश अजिबात नको. त्याने रंगाचा पोत सपाट होतो आणि भुवई रेखणाऱ्याचा हात दचकतो.

५० मिमीची एफ/१.८ लेन्स या कामाला पुरते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं), पण ती सताड उघडी ठेवून एक मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम तीन-चार सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा टिपला तर कान गेला, आणि माणूस थोडा पुढे झुकला तर डोळाही गेला. एफ/२.८ ते एफ/४ ठेवा, फोकस जवळच्या डोळ्यावर. आरशातला चेहरा टिपताना कॅमेरा हमखास आरशाची चौकट पकडतो, कारण प्रतिबिंबाचं अंतर हे कॅमेऱ्यापासून आरसा आणि आरशापासून चेहरा यांची बेरीज असतं. फोकसचा चौकोन हाताने प्रतिबिंबातल्या डोळ्यावर नेऊन ठेवायचा. फोनवाल्यांनी मुख्य लेन्स चेहऱ्याजवळ नेऊ नये, नाक फुगतं. दीड-दोन मीटर मागे राहून दुप्पट झूम वापरावा.

स्त्रीपार्टी करणारा नट नऊवारी नेसतो तो वेळ सोडू नका. एका हाताने निऱ्या धरलेल्या, ओठांत पिन, नजर आरशात. मात्र आधी विचारा. दाराबाहेर थांबायला सांगितलं तर थांबा. त्याच नटाचं दुपारी, रंगाशिवाय, देवळाच्या दारातल्या सावलीत एक चित्र घ्या. दोन्ही शेजारी ठेवली की कोणत्याही ओळीपेक्षा जास्त कळतं.

प्रयोगात सर्वात जास्त फोटो वाया जातात ते एलईडी दिव्यांमुळे. फोटोभर आडवे काळे पट्टे येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. रंगमंचावरचे स्वस्त एलईडी पार दिवे मंद केले की ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करत असतात. इलेक्ट्रॉनिक म्हणजे मूक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात जातात. मेकॅनिकल शटर लावा. मृदंग आणि झांजेत त्याचा आवाज कुणालाही ऐकू जात नाही. (नाट्यगृहातल्या शांत प्रसंगात मात्र तो नक्की ऐकू जातो, तिथे रंगीत तालमीलाच फोटो काढलेले बरे.) आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबसारखे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यांच्याखाली शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर पट्टे येत नाहीत. कॅमेऱ्यातली साधी अँटी-फ्लिकर सोय याच लुकलुकण्यासाठी असते, मंद केलेल्या एलईडीपुढे ती चालत नाही. तिथे शटर कमी-जास्त करून स्वच्छ वेग शोधावा लागतो. हे काम आख्यानाआधीच्या पूर्वरंगातच उरका.

संवादांना १/१२५ पुरतो, तलवारीच्या फेऱ्यांना १/५०० हवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर न्यायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. मागचा अंधार पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि रंगवलेला चेहरा पांढराफटक पडतो. मॅन्युअलवर जा किंवा उजेड एक-दीड स्टॉप (म्हणजे पायरी) कमी करा. लाल-निळ्या दिव्यांत तर साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेखही फसवतो. एकूण आलेख ठीक दिसतो आणि लाल रंग केव्हाच ओतू गेलेला असतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहा, रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या जागी रचतात. त्यामुळे पुढचं वाक्य कळणार नाही, पण ठेका कळतो. लढाईत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नट क्षणभर थबकतो, तलवार वर, मान वळलेली. कान मृदंगाकडे ठेवला तर तो क्षण आधी कळतो. सेकंदाला वीस फोटो झाडून तो मिळेलच असं नाही. वादक बसतात त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात बसलात तर नटामागे पेटी-मृदंग येतात आणि पुढचा माइक तोंडावर येत नाही. फोकसचा मदत-दिवा आणि मागचा स्क्रीन बंद ठेवा. मागे बसलेल्या गावकऱ्यांसाठी हा प्रयोग आहे.

पहाटे प्रयोगाच्या शेवटच्या दहिकाल्यापर्यंत थांबा. दव पडतं, लेन्सवर धुकं धरतं. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. कोकणातली बुरशी लेन्सच्या आत शिरली की काच कायमची खरवडते. प्रवासाचे फोटो म्हणजे टेम्पोतून उतरणाऱ्या ट्रंका, दुपारी सभामंडपात झोपलेली माणसं, धुऊन वाळत घातलेली पातळं. ते उजेडात मिळतात आणि तरी कुणीच काढत नाही.

दोन ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. त्याच दिवशी फाइलमध्ये नाव, भूमिका, आख्यान, गाव आणि तारीख लिहा. महिन्याने आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलात तर तो लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पुढच्या जत्रेला येताना प्रत्येकाचा एक ८ बाय १२ इंची छापील फोटो घेऊन या. त्यासाठी २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, फार कातरलात तर तेवढे उरत नाहीत.

देवस्थान समित्यांना विनंती, की रंगपटात एक स्थिर पिवळा दिवा द्यावा. नटांच्याही डोळ्यांना तो बरा. आणि संपादक महोदय, वृत्तपत्रांत दशावताराचा फोटो ‘जत्रेतील एक क्षण’ एवढ्याच ओळीवर छापला जातो. छायाचित्रकाराचं नाव असतं, रात्रभर उभं राहिलेल्या नटाचं नसतं. नाव, भूमिका आणि गाव दिल्याशिवाय असा फोटो स्वीकारू नये, असा नियम आपल्या दैनिकाने या हंगामापासून करावा.

आपले,
दशावतारप्रेमी हौशी छायाचित्रकार, सावंतवाडी