नर्सिंगच्या जागांचं विचारलं तू, म्हणून एवढं लांब लिहून राह्यलो

प्रिय दोस्ता,

तू व्हॉट्सॲपवर एका ओळीत विचारलं की पुण्यातलं सोडून गावाकडे येऊ का, तिकडे काही जागा आहे का, अन् मी नुसतं "सांगतो" टाकून ठेवलं. राग आला असंल तुले. पण एका ओळीत सांगासारखं ते नव्हतंच. आज नाईट आहे, वॉर्डात दोन पेशंट आहेत अन् दोघंही झोपले, तर बसलो लिहाले.

दोन पेशंट म्हटलं ना, तर त्यातच अर्धं उत्तर आलं पाय. पंधरा बेडचा दवाखाना, महिना नोव्हेंबर, अन् दोन पेशंट. आपल्याइकडे खरं तर हा ऑपरेशनचा सीझन. हर्निया म्हण, हायड्रोसील म्हण, मूळव्याध म्हण, बायांच्या पिशवीची ऑपरेशनं म्हण, जे जे थांबू शकते ते सगळं कास्तकार कापूस विकेपर्यंत थांबवते. पहिली वेचणी झाली, पैसा हातात आला की मंग दवाखाना. यंदा, 2025 च्या सप्टेंबरात, पावसानं सोयाबीन उभ्यानं सडवलं, शेंगा काळ्या पडल्या. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल कागदावर होता, पण डागी माल यार्डात नेला की व्यापारी मुठीत धरून पाहते अन् तोंड वाकडं करते, मंग जो भाव देईल तो घ्या. कापसाचंही तेच, लांब धाग्याले 2025-26 चा हमीभाव 8,110, पण ऑगस्ट 2025 मधे सरकारनं बाहेरच्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढून टाकली 31 डिसेंबरपर्यंत, त्यामुळे खेडा खरेदीवाला आधीच भाव पाडून बसला. सीसीआयले, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाले, द्याचा तर मोबाईलवर ॲपमधे नोंदणी करा, नंबर येईपर्यंत घरात ठेवा, अन् तोपर्यंत कृषी केंद्रवाला अन् बचत गटाचा हप्ता दारात.

तू म्हणशील हा नोकरीचं विचारलं तर कापसाचं सांगून राह्यला. पण लेका तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सचा पगार त्या कापसातूनच निघते. आमच्या इथे दिवाळीच्या आधी डॉक्टर साहेबांनी स्टाफ कमी केला, अन् कमी कोण केलं तर दोन जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या पोरी. बारावी झालेल्या पोरी ठेवल्या, ज्यायले त्यायनंच सलाईन लावाले, बीपी घ्याले शिकवलं, त्या पाच-सहा हजारात राहतात. मी राह्यलो कारण मी नाईट करतो, ऑक्सिजनचं सिलेंडर उचलतो, जनरेटर चालू करतो अन् पेशंटच्या नातेवाईकांनं दारू पिऊन गोंधळ केला तर समोर उभा राहतो. पगार नऊ हजार. डॉक्टर वाईट माणूस नाही हो, त्याच्या बिल्डिंगचं अन् सोनोग्राफी मशीनचं लोन आहे, त्याचेही बेड रिकामेच आहेत. पण तीन वर्षं शिकून, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढून, तेही रिन्यू करत राहाचं अन् नऊ हजार, हे कोणत्या हिशोबात बसवाचं ते मले अजून जमलं नाही.

अन् लोकांचं ते पेटंट वाक्य, "नर्सले काय कमी आहे बाप्पा, नर्सले कुठंही काम." हे म्हणणारे सगळे दुसऱ्या धंद्यातले. काम आहेच ना! काम एवढं आहे की उपकेंद्रातली सिस्टर एकटी चार-पाच गावं फिरते, लसीकरण तिच्याकडे, गरोदर बायांची नोंद तिच्याकडे, अन् वर ऑनलाइन एन्ट्री. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक नर्स डिलिव्हरी पाहते अन् त्याच वेळेस साप चावलेला माणूस येते. जागा मंजूर आहेत, खुर्ची आहे, पेशंट आहे, फक्त पगार देणाऱ्यानं हात आखडला. डब्ल्यूएचओचा 2025 चा रिपोर्ट म्हणते की जगात 2023 मधे 58 लाख नर्स कमी होत्या. आपल्या बॅचमधले किती घरी बसले ते तुले माहीत आहे. दोन्ही एकाच वेळेस खरं.

अमेरिकेतही 2008 च्या मंदीत असंच झालं होतं, ते आपल्या ट्यूटर मॅडम सांगत होत्या, आठवते का? तिकडे नवऱ्याची नोकरी गेली म्हणून घरी बसलेल्या नर्स परत ड्युटीवर आल्या, ज्या रिटायर होणार होत्या त्यायनं पुढे ढकललं, पार्ट टाइमवाल्या फुल टाइम झाल्या, अन् नव्या पास झालेल्या पोरी दारातच अडकल्या कारण सगळ्यांले अनुभववाला पायजे. आपण मागच्या बाकावर बसून हसलो होतो की अमेरिकेत नोकरी नाही म्हणजे काय. आपल्याइकडे फरक एवढाच की सरकारी सिस्टर 58 ले रिटायर होते, जागा मोकळी होते, पण मोकळी जागा भरत नाही, ती तशीच राहते नाही तर कंत्राटी होते.

आता कंत्राटीचं. तू एनएचएमचं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं, विचारलं होतं. स्टाफ नर्सले 20 हजार, अकरा महिन्यांची ऑर्डर, मंग एक-दोन दिवसाचा ब्रेक अन् परत ऑर्डर. ऑगस्ट 2025 मधे ते सगळे संपावर गेले होते, कारण 14 मार्च 2024 ले सरकारनंच जीआर काढला की दहा वर्षं झालेल्यांले रिकाम्या जागांपैकी 30 टक्के जागांवर कायम करू, अन् तो जीआर कागदावरच फिरत राह्यला. विचार कर, दहा वर्षं. आपण आता लागलो तर चाळिशीच्या जवळ जाऊन लाईनीत उभे राहू. तरी एनएचएमची जाहिरात आली की जिल्हा परिषदेच्या आवारात जत्रा भरते, एमएससी नर्सिंगवाल्या पोरीही त्यात. कोविडमधे आपल्याले कसं घेतलं होतं, सेंटरवर ये म्हणून रात्री फोन, तेव्हा पात्रता कोणी पाहिली नाही, अन् लाट ओसरल्यावर व्हॉट्सॲपवर मेसेज की उद्यापासून येऊ नका. मे 2021 मधे पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की 100 दिवस कोविड ड्युटी केलेल्यांले सरकारी भरतीत प्राधान्य. ते सर्टिफिकेट माझ्या फाईलीत प्लास्टिकमधे आहे अजून.

सरळसेवेचं, म्हणजे आरोग्य खात्याच्या कायम भरतीचं, तुले सांगाले नको. 2021 चे पेपर फुटले, परीक्षा रद्द झाली, मंग ऑगस्ट 2023 ले 10,949 जागांची जाहिरात आली. मधे जे दोन वर्षं गेले त्यात कोणाचं वय निघून गेलं, कोणाचं लग्न झालं, कोणी बापाच्या वावरात उतरलं. फॉर्म हजार रुपये, राखीव प्रवर्गाले नऊशे, अन् सेंटर कुठंही पडते, त्याचं गाडीभाडं अलग.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, हे नीट वाच. पुण्यात जो दवाखाना तुले कमी पगारात ठेवून राह्यला तो शंभराच्या वरच्या बेडचा आहे ना? तर तिथं टिकून राहा, निदान जूनपर्यंत. कारण नॉरसेटले, म्हणजे एम्सच्या नर्स भरतीच्या परीक्षेले, जीएनएमवाल्याले 50 बेडच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागते, अन् आमच्या या पंधरा बेडमधे मी दहा वर्षं घासली तरी त्याची किंमत शून्य. मी इथं आलो तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, मी घरी म्हातारे माय-बाबा आहेत म्हणून आलो अन् मले त्याचं काही वाटत नाही. पण तुले अजून संधी आहे. तुझी दोन वर्षं भराले थोडंच राह्यलं. अनुभवाचं पत्र घेतानी त्यावर बेडची संख्या, दवाखान्याचा रजिस्ट्रेशन नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहून घे, पगार बँकेत घे अन् पीएफ कापत असतील तर कापू दे, रोखीत दोन हजार जास्त देतो म्हटलं तरी घेऊ नको. ओरिजिनल मार्कशीट अन् कौन्सिलचं सर्टिफिकेट कोणाच्या कपाटात ठेवू नको. आपल्या किती जणांचे कागद असे अडकले, सोडतो म्हटलं की "आधी नोटीस पिरियडचे पैसे भरा."

नॉरसेटमधे आपल्या पोरांले अजून एक भिंत आहे, 80 टक्के जागा बायांले अन् 20 टक्के पुरुषांले. आपल्या वर्गातल्या पोरी अभ्यासात आपल्यापेक्षा पुढेच होत्या, त्यामुळे रडाचं काही कारण नाही, पण कटऑफ अलग लागते हे धरून अभ्यास कर. वय 30, ओबीसीले तीन वर्षं सूट, एससी-एसटीले पाच. लागलं तर लेव्हल सातचा पगार आहे, मूळ 44,900. नागपूरचं एम्स मिहानमधे आहे, तिथून गावाले शनिवारी येऊन सोमवारी ड्युटीले जाता येते, हे मी कधी कधी उगाच मनात मोजत राहतो. पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे जीएनएमनंतरची डिग्री, करणार असशील तर अनुभवाची अट लागत नाही, पण दोन वर्षं अन् कॉलेजची फी, अन् त्या दोन वर्षांत घरी काय पाठवशील.

सुप्रीम कोर्टाचंही सांगतो, कारण तू मागे म्हटलं होतं कोर्टात जाता येते का. 2016 ले कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राची समिती बसली होती, तिनं म्हटलं की 50 बेडच्या खालच्या खाजगी दवाखान्यातही नर्सले निदान 20 हजार द्या अन् 200 बेडच्या वर सरकारी नर्सएवढा पगार द्या. राज्यांनी ते लागू कराचं होतं. मी हे एकदा आमच्या डॉक्टर साहेबांले सहज बोलता बोलता म्हटलं, ते हसले अन् म्हणाले, "कोर्टाले सांग माझ्या इथं पेशंटही पाठव." आता याच्यावर काय बोलाचं.

गावात राहून दुसरा पैसा कसा होते ते तुले माहीत आहे. मी कॅथेटर बदलून देतो, बेडसोर अन् डायबेटिक फूटचं ड्रेसिंग करतो, राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, टाकून देतो, सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीवर. कोणी शंभर देते, कोणी दोनशे, कोणी तुरीची दाळ. पण लोकांले ते नको असते, त्यायले सुई पायजे. "तू एवढं शिकला, खोली घे, बोर्ड लाव, तापाची सुई तू नाही देऊ शकत काय?" असं माझा सख्खा मामा म्हणते. आपल्या सीनियर बॅचमधला एक जण खरंच बसला तसा, बाजाराच्या दिवशी गर्दी असते त्याच्याकडे, मोटरसायकल जाऊन कार आली. अन् एक दिवस तालुका आरोग्य अधिकाऱ्याची धाड पडंल, बोगस डॉक्टर म्हणून पेपरात नाव, रजिस्ट्रेशनवर पाणी. मले त्याचा हेवा वाटते हे खोटं नाही सांगत, पण एखाद्या लेकराले इंजेक्शनची रिॲक्शन आली अन् हाताखाली त्यावरचं ॲड्रेनॅलिन नाही, डॉक्टर नाही, हे मी कॅज्युअल्टीत पाह्यलं आहे. नाही होत आपल्याच्यानं.

जर्मनीचं थोडक्यात. 2024 मधे आपल्या सरकारनं तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला ते खरं आहे, तिकडे नर्स लागतात हेही खरं, पण जर्मन भाषेची बी-टू लेव्हल पायजे अन् ते नोकरी करून वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. तुले तो एजंट लाखात मागते म्हटलं तू, तर परवानाधारक एजंटले उमेदवाराकडून 30 हजार अन् जीएसटी एवढंच घेता येते. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी साईटवर त्याचं लायसन पाय, नाव नसलं तर फोन ब्लॉक. अन् सौदी-कुवेतच्या बाता करत असंल तर 2015 ले तसल्या देशांतली नर्सची भरती सरकारी एजन्सीमार्फतच कराचा नियम आला, तो तिथं मधे कुठून आला ते विचार त्याले.

माझ्या लग्नाचं विचारलं होतं आईनं तुझ्या. परवा एक स्थळ आलं होतं, पोरीच्या बापानं चहा पिता पिता विचारलं, "म्हणजे सिस्टर जे करतात तेच ना?" मी हो म्हटलं. पुढचं काही आलं नाही त्यायच्याकडून. एकीकडे बरंच झालं, नऊ हजारात दोन माणसं कशी.

तर येऊ नको असं मी म्हणत नाही. होळीले ये, पंधरा दिवस राहा, पण नोकरी सोडून येऊ नको, अन् सोडाचीच वेळ आली तर आधी मले फोन कर, सेवाग्राम अन् सावंगीकडे जाहिरात निघाली की मी कळवतो, ते मोठे दवाखाने आहेत, तिथला अनुभव धरतात. नॉरसेटची पुढची तारीख लागली की आपण दोघं एकत्र बसून तुझा फॉर्म भरू. फी 3,000 आहे, आतापासून बाजूले काढ. अन् माझं मेडिकल सर्जिकलचं जाड पुस्तक तुझ्याकडेच आहे, कुरिअर करू नको, फुकट पैसे जातात, होळीले येतानी बॅगेत टाक.

पाच नंबरची सलाईन संपत आली, जातो.

तुझाच,
हॉस्टेलचा रूम पार्टनर