‘पुरोगामी’ झाले, ‘सुधारक’ कुठे गेले?

महोदय,

गेल्या आठवड्यातल्या आपल्या अंकांत मी ‘पुरोगामी’ हा शब्द मोजला. अकरा वेळा. चौतीस वर्षे मुद्रिते तपासण्यात गेली, त्यामुळे ही खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. पुरोगामी विचार, पुरोगामी पक्ष, पुरोगामी महाराष्ट्र. ‘सुधारक’ मात्र एकदाच भेटला, तोही पुण्यतिथीच्या बातमीत. सुधारक व्हायचे तर आधी मरावे लागते की काय!

दोन्ही शब्द बदल मागणाऱ्यांचेच. पण पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. पुढे म्हणजे कुठवर आणि वाटेत केले काय, हे तो शब्द विचारत नाही. ‘सुधारक’च्या पोटातले क्रियापद मात्र कर्म मागते. काय सुधारलेत, ते सांगा! म्हणूनच ‘बोलके सुधारक’ ही जुनी हेटाळणी झोंबायची. ‘बोलका पुरोगामी’ असे कुणी म्हणत नाही, बोलणे त्यात धरलेलेच असते. आगरकरांनी १८८८ मध्ये साप्ताहिकाचे नावच ‘सुधारक’ ठेवले आणि पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा निघाली. तो शब्द अंगावर घेणे इतके महाग होते.

पुरोगाम्यांच्याही वाट्याला टवाळी येते, नाही असे नाही. समाजमाध्यमांवर ‘फुरोगामी’ पहिल्यांदा वाचले, तेव्हा मुद्रणदोष समजून मी पेन शोधू लागलो होतो.

१९६८ साली आमच्या आत्याचे यजमान गेले. तिने कुंकू पुसू दिले नाही. वाड्यातल्या बायका म्हणाल्या, “मोठी सुधारक लागून गेलीय!” शिवीच होती ती. आत्याला ना भाषण करता येई, ना तिने कधी आगरकर वाचले. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, तेव्हा संक्रांतीला तिनेच सगळ्यांना घरी बोलावले. तिघीजणी आल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती हयात नव्हती. त्या बातमीचे एक कात्रण मी ठेवले आहे. त्यात ‘पुरोगामी गाव’ असे छापलेले होते. ‘पुरोगामी’वर काट मारून मी समासात ‘सुधारक’ लिहिले. लाल शाईने, सवयीप्रमाणे.

– एक निवृत्त मुद्रितशोधक