झोपलेल्यांची गणनाही श्रोत्यांतच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील कोरियन पॉप गाण्यांच्या यशावरील लेख वाचला. मांडणी देखणी आहे, छायाचित्र अर्धे पान व्यापणारे आहे आणि आकडे तर इतके आहेत की अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचा अंक हाती आला की काय, असे क्षणभर वाटले. मात्र ‘एका दिवसात इतके कोटी वेळा वाजले, म्हणजे इतक्या कोटी लोकांना आवडले’ हा जो निष्कर्ष लेखिकेने इतक्या सहजपणे काढला आहे, त्याला माझा आक्षेप आहे. तो घेण्याचा मला अधिकारही आहे, कारण असल्या कोटींमध्ये मीही मोजली गेले आहे आणि त्या वेळी मी गाढ झोपेत होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या लाडक्या गटाचे नवे गाणे आपल्याकडच्या दुपारी अडीचला, म्हणजे सोलमध्ये संध्याकाळी सहाला यायचे होते आणि त्यासाठी घरातील सर्व फोन तिने आदल्या दिवशीच ‘बुक’ करून ठेवले होते. कपाटाच्या दारावर तिने नियमांचा कागद चिकटवला होता. आवाज पूर्ण बंद करायचा नाही, एकच गाणे सलग लावायचे नाही, मध्ये दोन दुसरी गाणी घालायची, नाहीतर ऐकणारा माणूस नसून यंत्र आहे असा संशय येऊन मोजणी बाद होते, वगैरे. रात्री माझा फोन चार्जरला जोडून, इअरफोन लावून, गोधडीच्या घडीत ठेवण्यात आला. आवाज चालू राहिला पाहिजे, पण घरच्यांची झोप मोडता कामा नये, हा त्यामागचा विचार! सकाळी फोन इस्त्रीसारखा तापलेला होता आणि त्यानंतर कित्येक दिवस गाण्यांचे ते ॲप मला पंधरा वर्षांची समजून चालले होते. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने शोधायला जावे, तर आधी सात मुलांचे नृत्य समोर येई. ‘मावशी, सगळेच करतात गं,’ एवढेच भाचीचे स्पष्टीकरण होते. गाणे वाईट नव्हते, हेही न्याय म्हणून नमूद करते. पण ते मी नंतर जागेपणी ऐकले.

आता ही हौस केवळ आमच्या घरची असती, तर आपला वेळ घेतला नसता. परंतु ज्या देशाची ही गाणी आहेत, त्या देशालाच गाण्यांच्या लोकप्रियतेच्या आपल्या याद्यांवर पुरेसा विश्वास नाही, ही गोष्ट लेखात एका ओळीनेही आलेली नाही. तेथील चार बड्या संगीत कंपन्यांनी २०१३ मध्येच, पैसे मोजून गाण्यांचे आकडे फुगवले जात असल्याच्या प्रकारांची चौकशी करा, अशी मागणी सरकारी वकिलांकडे केली होती. २०१८ मध्ये रात्री एक ते सकाळी सात या वेळेत तासागणिक बदलणारी यादी गोठवण्याची वेळ आली, कारण लोक झोपलेले असताना गाणी वर चढत होती. (कोरियातील गोधड्यांची कल्पना मला यावरून आली.) २०१९ मध्ये पार्क क्यूंग या गायकाने इतर गायकांची नावे घेऊन, त्यांनी आकडे फुगवल्याचा जाहीर आरोप केला आणि पुढे अब्रुनुकसानीबद्दल त्याला दंड भरावा लागला. २०२० मध्ये ‘मेलॉन’ या गाणी ऐकवणाऱ्या तेथील प्रमुख सेवेने तासाची यादीच बंद केली आणि एका खात्यावरून एक गाणे दिवसात कितीही वेळा वाजले तरी ते एकदाच मोजायचे, असे ठरवले. पुढच्याच वर्षी शेवटच्या एका तासाला निम्मे वजन देऊन जुनी चुरस पुन्हा आणली, हा भाग वेगळा. ज्यांनी हे मोजमाप इतक्या वेळा मोडून पुन्हा बांधले, त्यांचे आकडे आपण मात्र सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे छापता.

दूर कशाला, जुलै २०१९ मध्ये आपल्या रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याने यूट्यूबवर चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूजचा टप्पा गाठून बीटीएस या कोरियन गटाचा विक्रम मोडल्याचा गाजावाजा झाला होता. जाहिरातींवर खर्च करून मिळवलेले व्ह्यूजही त्यात होते. यूट्यूबने तो विक्रम मान्य केला नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिल्या चोवीस तासांच्या विक्रमांसाठी जाहिरातींतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत, असा नियम केला. भारतीय वाचकासाठी लिहिलेल्या लेखात निदान हे तरी यायला हवे होते.

गाण्याचे यश मोजूच नये, असे माझे म्हणणे नाही. ‘ब्रेव्ह गर्ल्स’ या गटाचे ‘रोलिन’ २०१७ मध्ये आले तेव्हा फारसे कोणी विचारले नाही. २०२१ मध्ये त्या मुलींनी सैनिकांपुढे केलेल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या आणि गट मोडण्याच्या बेतात असताना तेच गाणे यादीत पहिले आले. त्यासाठी चार वर्षे कोणाच्या भाचीने मावशीचा फोन गोधडीत ठेवला नव्हता. बीटीएसचे ‘स्प्रिंग डे’ही २०१७ चेच आणि नंतरची कित्येक वर्षे ते मेलॉनच्या वार्षिक यादीत राहिले. पहिल्या दिवसाचा आकडा चाहत्यांची शिस्त दाखवतो, चौथ्या वर्षाचा आकडा गाण्याबद्दल काही सांगतो. लेखिकेने सगळे वजन पहिल्यालाच दिले आहे. वाजल्याची संख्या आणि ऐकणाऱ्यांची संख्या या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्पॉटिफायसारखे ॲप कलाकाराच्या पानावर महिन्याभरातील श्रोत्यांची संख्या स्वतंत्रपणे दाखवते. ती पाहण्यासाठी एकदा बोट लावावे लागते, इतकेच.

शेवटी, त्याच लेखातील चौकटीविषयी. एक बिलियन म्हणजे दहा कोटी नव्हेत, शंभर कोटी. साय या गायकाच्या ‘गंगनम स्टाईल’ने २१ डिसेंबर २०१२ रोजी यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, तो टप्पा ओलांडणारी ती पहिलीच चित्रफीत होती. आपल्या उपसंपादकांनी त्यातील नव्वद कोटी एका ओळीत बुडवले आहेत. मागे मिलियनच्या बाबतीत असाच घोळ झाला होता तेव्हाही मी पत्र पाठवले होते, ते छापले गेले नाही. हे पत्र छापा अथवा छापू नका, पण चौकटीतील आकड्याची दुरुस्ती उद्याच्या अंकात, वाचता येईल अशा टंकात यावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली