बाबा, लॉकरमधला कागद बाहेर काढा

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुम्ही गेल्यावर काय-कसं करायचं हा विषय फोनवर काढला की आई ‘शुभ बोल’ म्हणते आणि बाबा हसण्यावारी नेतात, म्हणून लिहितेय.

बाबा, देहदानाची इच्छा तुम्ही मृत्युपत्रात लिहिलीत आणि ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंत! मंत्रालयात फायलींमध्ये जन्म गेला तुमचा, तुम्हाला मी काय सांगावं? पण मृत्युपत्र आपल्याकडे तेरावा उरकल्यावर उघडतात. तोवर तुमच्या अस्थी नाशिकला पोचलेल्या असतील. मेडिकल कॉलेजला फोन आम्हीच करायचा असतो आणि तोही लगेच. डोळे द्यायचे तर सहा तासांच्या आत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोकं उशीवर जरा उंच. पोस्टमॉर्टेम झालं तर बहुतेक ठिकाणी देह घेत नाहीत. आणि फॉर्म भरलेला असला तरी घरातलं कुणी आडवं आलं की कॉलेजवाले माघार घेतात. आडवं कोण येईल हे आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. तेव्हा फॉर्म भरा, एक प्रत औषधांच्या फाइलमध्ये ठेवा, एक मला द्या आणि एक काकांना पाठवा. हो, मुद्दाम काकांनाच.

आमच्या मजल्यावरचे आजोबा गेल्या पावसाळ्यात रात्री झोपेतच गेले. धावतपळत आणलेला डॉक्टर म्हणाला, मी यांना कधी तपासलेलं नाही, सर्टिफिकेट लिहिणार नाही. त्याचं काही चुकलं नाही, मरणाचं कारण लिहून खाली सही त्याला करायची असते. पण मुलगा बिचारा वडिलांच्या अंगावर चादर टाकून पिशव्यांतून जुनी प्रिस्क्रिप्शनं उपसत बसला होता. ते सर्टिफिकेट नसेल तर स्मशानात पुढचं काही हलत नाही, आणि शंका आली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. म्हणून बीपी कितीही छान असलं तरी दर दोन-तीन महिन्यांनी दोघांनी आपल्या डॉक्टरांना तोंड दाखवून यायचं. बाकी, 1969 च्या कायद्याप्रमाणे 21 दिवसांत नोंद वगैरे, ते आम्ही बघू.

आई, तुला लाकडंच हवीत, मंत्र हवेत, दहाव्याला कावळा शिवायला हवा. माझी काही हरकत नाही. भागोजीशेठ कीरांनी दादरला स्मशान बांधून ठेवलंय, तिथे सगळं होतं. फक्त ‘आपल्यात असलं बदलत नसतं’ असं म्हणू नकोस. तुझ्या बँकेतल्या पारशी मैत्रिणीला विचार. त्यांच्यात प्रेत डुंगरवाडीवर गिधाडांसाठी ठेवायची रीत. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं, पण डुंगरवाडीवर गिधाडं काही परतली नाहीत. 2015 पासून वरळीच्या स्मशानात पारशांसाठी प्रार्थनागृह आहे, ज्यांना दहन हवं ते तिथे जातात. कर्मठ मंडळींना अजून पटलेलं नाही, ते सोड. अग्नीला प्रेताचा विटाळ नको म्हणणाऱ्यांतले काहीजण दहनाला तयार झाले. आपल्याकडे प्रश्न एवढाच, की अग्नी कुणी द्यायचा.

तर तो मी देणार. मुलगाच हवा असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. चुलतभाऊ रत्नागिरीहून निघालाय म्हणून तुम्हाला बर्फावर ठेवून गाडीची वाट बघणं मला जमणार नाही. एक गुरुजी नको म्हणाले तर दुसरे मिळतील, दादरला गुरुजींचा काय तुटवडा!

आणखी एक. ‘मला नळ्या लावून ठेवू नका’ असं तुम्ही दोघंही म्हणता, पण ते नुसतं तोंडी असून भागत नाही. केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर तिथेच 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याच प्रकरणात, काही अटींवर असे उपचार थांबवता येतात असा 2011 चा निकाल लागला आणि पुढे 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं. तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागायचं, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. उपचार कुठे थांबवायचे एवढंच त्यात येतं. देहदान आणि अंत्यसंस्कार यांचे कागद वेगळे. बाबा, राजपत्रित अधिकारी तुमच्या ओळखीत ढिगाने असतील. साक्षीदार शक्यतो घरातले नसावेत, म्हणजे काका आपोआप सुटले.

मी रविवारी दोघांचे मसुदे टाइप करून आणते. बाबा, शनिवारी बँकेत जाऊन लॉकर उघडून या. दुसरा-चौथा शनिवार नाही ना, ते बघा. आई, तू काय काय हवं-नको ते वहीत लिहून ठेव, साडी कुठली नेसवायची तेसुद्धा. मोरपंखी पैठणी सोडून. ती मला हवीय.

तुमची,
लेक